तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: पुरुषांच्याही पुढे गेलेली बेरिल बर्टन

प्रश्न: ताई, एका सायकलवालीने रेसमध्ये ओव्हरटेक करता करता एका पुरुष रायडरला खिशातली गोड गोळी काढून दिली होती असं ऐकलंय. हे खरंच घडलंय की कोणीतरी रचून सांगितलेलं आहे? आणि ही बाई कोण?

उत्तर: खरंच घडलंय! बाईचं नाव बेरिल बर्टन, इंग्लंडमधल्या यॉर्कशरची, आणि रेस म्हणजे सप्टेंबर १९६७ मध्ये ओटली सायकलिंग क्लबने घेतलेली १२ तासांची टाइम ट्रायल. आधी ही रेस कशी असते ते सांगते म्हणजे त्या गोळीतली मजा कळेल. यात सगळे एकदम सुटत नाहीत, एकेकाला ठरावीक अंतराने सोडतात, दुसऱ्याच्या चाकामागे चिकटून वारा चुकवायची परवानगी नसते, आणि १२ तासांत जो सगळ्यात जास्त अंतर कापेल तो जिंकतो. म्हणजे पूर्ण दिवस तुम्ही आणि तुमचे पाय, बाकी कोणी नाही. त्या दिवशी पुरुष आधी सुटले होते आणि बायका त्यांच्या मागून, त्यामुळे बेरिलने ज्याला गाठलं तो तिच्यापेक्षा आधीच काही मिनिटं मागे पडलेला होता असा सरळ हिशोब.

तर तास जात गेले तशी ती एकामागून एक पुरुषांना गाठत गेली आणि शेवटी पुढे उरला फक्त माइक मॅकनमारा. तो काही ढेपाळला नव्हता बरं का, उलट तो स्वतः त्या दिवशी पुरुषांचा ब्रिटिश रेकॉर्ड करायच्या वेगाने चालला होता! बेरिल त्याच्या बरोबरीला आली तेव्हा तिलाच कसंतरी झालं, बिचारा आयुष्यातली सगळ्यात भारी रेस मारतोय आणि आपण त्याच्यावर पाणी फिरवतोय असं तिच्या मनात आलं, तिने नंतर तसं सांगितलंयही. काहीतरी बोलायला हवं पण काय बोलणार, म्हणून तिने जर्सीच्या मागच्या खिशात हात घातला, ज्येष्ठमधाची एक रंगीत गोळी काढली (तिकडे या गोळ्यांना लिकरिस ऑलसॉर्ट म्हणतात) आणि त्याच्यापुढे धरली. त्याने घेतली, खाल्ली, आणि ही निघून गेली पुढे.

शेवटी त्याचं अंतर भरलं २७६.५२ मैल, म्हणजे साधारण ४४५ किलोमीटर, आणि हिचं २७७.२५ मैल, म्हणजे ४४६ च्या वर. त्याचा तो पुरुषांचा नवा रेकॉर्ड झाला, आणि तरीही एक बाई त्याच रस्त्यावर त्याच दिवशी त्याच्यापेक्षा जास्त गेलेली होती. तिचा आकडा पुरुषांमध्ये कोणी ओलांडायला १९६९ उजाडलं. लोक गोळीचा किस्सा सांगतात आणि हसून सोडून देतात, पण मला विचाराल तर त्या गोळीपेक्षा हा आकडा लक्षात ठेवायला हवा.

प्रश्न: एवढी भारी होती तर ऑलिंपिक मेडल कसं नाही? आम्हाला तर नावही माहीत नव्हतं.

उत्तर: कारण तिच्यासाठी ऑलिंपिकमध्ये रेसच नव्हती हो! बायकांची पहिली ऑलिंपिक रोड रेस झाली १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये, आणि बेरिलचा जन्म १९३७ चा, म्हणजे तेव्हा ती ४७ वर्षांची. ट्रॅकवरची बायकांची परसूट (दोघी समोरासमोरच्या बाजूंनी सुटून एकमेकींना गाठायला बघतात ती रेस) तर ऑलिंपिकमध्ये आली १९९२ ला. आणि एकटीने घड्याळाविरुद्ध पळवायची टाइम ट्रायल, जी तिची खरी ताकद होती, तिची वर्ल्ड चॅम्पियनशिपसुद्धा १९९४ पर्यंत नव्हती. मेडलं मोजून खेळाडू लहानमोठा ठरवणारे लोक हे विसरतात आणि मला ते फार लागतं, जी स्पर्धा भरवलीच नाही ती ती जिंकणार कुठून?

जे होतं ते मात्र तिने भरभरून जिंकलं. बायकांची वर्ल्ड चॅम्पियनशिप १९५८ ला सुरू झाली आणि १९५९ ला ही परसूटमध्ये वर्ल्ड चॅम्पियन. पुढे १९६०, ६२, ६३ आणि ६६ ला परत परसूट. रोड रेसचं वर्ल्ड टायटल १९६० आणि १९६७ ला. म्हणजे १९६० ला ट्रॅक आणि रोड दोन्ही एकाच वर्षात, आणि ती वरची गोळीवाली रेस ज्या वर्षी झाली त्याच वर्षी हॉलंडमध्ये हेरलेनला ती रोडची वर्ल्ड चॅम्पियनही झालेली. इंग्लंडमध्ये वर्षभराच्या टाइम ट्रायलचा सरासरी वेग काढून बेस्ट ऑलराउंडर ठरवतात, तो मान १९५९ ते १९८३ सलग २५ वर्षं तिच्याकडे. सलग! टाइम ट्रायलची नॅशनल टायटलं ७२, रोड रेसची १२, परसूटची १३.

आणि हे सगळं अमॅच्युअर, म्हणजे हौशी खेळाडू राहून. पोटापाण्यासाठी ती मॉर्ली गावाजवळ निम कार्लाइनच्या शेतावर काम करायची, तो स्वतः २४ तासांच्या रेसचा चॅम्पियन. शेत रुबार्बचं, म्हणजे जिचे आंबट दांडे खातात त्या भाजीचं. त्या भागात रुबार्बचे जुने गड्डे थंडीत जमिनीतून उपटून अंधाऱ्या शेडमध्ये हलवतात, मग तिथे कोवळे लाल दांडे येतात. ते गड्डे मातीसकट चांगलेच जड असतात, गारठलेली जमीन फोडून ते काढायचे, उचलायचे, वाहायचे, दिवसभर वाकून. जिमचं तोंड न बघता तिची कंबर आणि पाठ कशी तयार झाली ते यावरून समजून घ्या. दिवसभर हे काम करून मग सायकलवर प्रॅक्टिस, आणि रविवारी रेस.

अजून एक गोष्ट राहिली, लहानपणी तिला संधिवाताचा ताप झाला होता, कित्येक महिने हॉस्पिटलमध्ये काढले आणि डॉक्टरांनी जास्त दगदग करू नको म्हणून बजावलं होतं. सायकलची गोडी लागली ती नवऱ्यामुळे, चार्ली बर्टनमुळे. चार्ली सांगायचा की पहिल्या वर्षी तिला मागून ढकलावं लागायचं, दुसऱ्या वर्षी ती पोरांच्या बरोबरीने यायला लागली आणि तिसऱ्या वर्षी सगळ्यांच्या पुढे. त्यानेच पुढे तिला रेसला न्यायचं, सायकल तयार ठेवायची, रस्त्याच्या कडेला बाटली घेऊन उभं राहायचं हे वर्षानुवर्षं केलं.

प्रश्न: ट्रॅक आणि रोड हे वेगवेगळे खेळ ना? ब्रॅडली विगिन्सनेही दोन्ही केलं, ब्रिटिशांना हे कसं जमतं?

उत्तर: स्प्रिंटवाल्यांचं ट्रॅक वेगळं, ते मान्य. पण परसूट म्हणजे दोन रायडर ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंना उभे करतात, दोघे एकदम सुटतात आणि एकमेकांना गाठायला बघतात, बेरिलच्या वेळी बायकांना ३ किलोमीटर. म्हणजे ती छोटी टाइम ट्रायलच झाली. तोच एका दमाने, एका लयीत ताकद लावायचा गुण. विगिन्स २००४ आणि २००८ ला परसूटचा ऑलिंपिक चॅम्पियन आणि २०१२ ला टूर द फ्रान्सचा विजेता शिवाय टाइम ट्रायलचं ऑलिंपिक गोल्ड, त्यामागे हेच आहे.

आणि ब्रिटिशांना टाइम ट्रायलचं वेड का, तर १९ व्या शतकाच्या शेवटी तिथे रस्त्यावर घोळक्याने रेस मारायला सायकल संघटनेनेच बंदी घातली, पोलिसांशी भांडण नको म्हणून. मग लोक भल्या पहाटे, काळे कपडे घालून, एकेक करून सुटायला लागले, म्हणजे रेस चाललीय हे कोणाला कळू नये. रस्त्यांनासुद्धा सांकेतिक नंबर! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काही लोकांनी बंड करून घोळक्याच्या रेस परत चालू केल्या, पण तोवर एकट्याने पळवायची सवय हाडात मुरलेली होती, आणि बेरिल त्याच क्लबांमधून वर आली.

प्रश्न: तिने स्वतःच्या मुलीशी हात मिळवला नाही हे खरं का?

उत्तर: खरं आहे. १९७६ ची नॅशनल रोड रेस, शेवटच्या स्प्रिंटमध्ये मुलगी डेनिसने आईला हरवलं आणि पोडियमवर आईने हात पुढे केला नाही. डेनिसने पुढे येऊन वारा अडवायचं आपल्या वाट्याचं काम केलं नाही, मागे बसून राहिली असं बेरिलचं म्हणणं होतं, पण नंतर तिला स्वतःलाच आपलं ते वागणं खटकलं. मी यात तिची बाजू घेणार नाही, मुलगी नियमात जिंकली होती आणि तिला तो हात मिळायला हवा होता. पण वर्षानुवर्षं ज्या बाईला देशात क्वचितच कोणी हरवायचं तिला हरायची सवय कुठून असणार, तेही आहे. १९८२ ला मात्र याच दोघींनी मिळून टँडेमवर, म्हणजे दोघांनी चालवायच्या सायकलवर, १० मैलांचा बायकांचा ब्रिटिश रेकॉर्ड केला, २१ मिनिटं २५ सेकंद.

प्रश्न: तिचे रेकॉर्ड आता कोणाच्या नावावर आहेत?

उत्तर: १०० मैलांचा तिचा १९६८ चा रेकॉर्ड, ३ तास ५५ मिनिटं ५ सेकंद, २८ वर्षं टिकला. आणि १२ तासांचा बायकांचा तो २७७.२५ मैलांचा रेकॉर्ड मोडला २०१७ ला, अ‍ॅलिस लेथब्रिजने, २८५.६५ मैल जाऊन. मधल्या पन्नास वर्षांत सायकली कार्बनच्या झाल्या, कोपर टेकवून झोपल्यासारखं बसायचे हँडल आले, हवा कापणारी हेल्मेटं आली. बेरिल स्टीलच्या फ्रेमवर, साधं वाकडं हँडल धरून गेली होती.