न्यू जर्सीतली गांजाची जुनी केस एक्सपंज झाली (कोर्टाने नोंदीतून पुसली) असेल, तर ग्रीन कार्डच्या अर्जात लिहावी लागते का?

लागते. तुम्ही लिहिलंय की 2014 मध्ये एफ-1 वर शिकत असताना पोलिसांनी गाडी थांबवली, खिशात गांजाची पुडी सापडली, म्युनिसिपल कोर्टात दंड भरून तुम्ही मोकळे झालात आणि पुढे 2021 मध्ये ती नोंद आपोआप पुसली गेली. आता आय-485 (ग्रीन कार्डचा अर्ज) भरताना 'कधी अटक झाली होती का' या प्रश्नापुढे 'नाही' अशी खूण करू का, असं विचारताय. अजिबात करू नका. नोंद सील झाली असली, पुसली गेली असली तरी 'होय'च लिहायचं, हे त्या फॉर्ममध्येच स्पष्ट केलेलं आहे.

मी वकील नाही. इथे न्यू जर्सीतच एका इमिग्रेशन वकिलांकडे पॅरालीगल, म्हणजे कागदपत्रांच्या कामातला मदतनीस, आहे. अर्जाला जोडायचे कागद जमवणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे कलमांपेक्षा कागदांबद्दल जास्त बोलेन.

तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे, कारण राज्याने पुसलं ते खरोखरच पुसलं. फेब्रुवारी 2021 मध्ये गव्हर्नर मर्फींनी गांजा कायदेशीर करणाऱ्या कायद्यावर सही केली आणि कोर्टांनी कुणाच्या अर्जाची वाट न बघता साडेतीन लाखांहून जास्त जुनी प्रकरणं रद्द करून टाकली. त्या दिवशी तुमच्या शेजारच्या सीटवर बसलेला मित्र अमेरिकन नागरिक असेल, तर तो आज नोकरीच्या किंवा भाड्याच्या घराच्या फॉर्मवर बिनदिक्कत 'असं काही झालंच नाही' असं लिहू शकतो. कायदाच त्याला तशी मुभा देतो.

तुमचा अर्ज मात्र फेडरल सरकारकडे जातो, आणि तिथे गांजा अजून नियंत्रित पदार्थांच्या यादीत आहे. माणसाने गुन्हा कबूल केला आणि त्याला काही शिक्षा झाली, मग ती नुसता दंड का असेना, की इमिग्रेशन कायद्याच्या लेखी तो दोषी ठरला. पुढे राज्याचा कायदा बदलला म्हणून किंवा माणूस सुधारला म्हणून नोंद पुसली, तरी इमिग्रेशनवाल्यांकडे ती उरतेच. बायडन यांनी 2022 मध्ये दिलेल्या माफीचाही तुम्हाला उपयोग नाही. ती फेडरल आणि वॉशिंग्टन डीसीच्या गुन्ह्यांपुरती होती, तीसुद्धा नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना.

मूळ प्रकरणातच कायदेशीर खोट होती म्हणून कोर्टाने निकाल रद्द केला असेल तर गोष्ट वेगळी. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने पडिल्ला खटल्यात (ट्रकमधून गांजा नेणारा, चाळीस वर्षं अमेरिकेत राहिलेला ग्रीन कार्डवाला ड्रायव्हर होता तो) सांगितलं की गुन्हा कबूल केल्याने देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, हे अशिलाला सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे. तुमची केस त्यानंतरची आहे. तेव्हा तुम्हाला वकील होता का आणि तो याबद्दल काय बोलला होता, ते आठवून लिहून काढा.

आता कागद. लोक आमच्याकडे 'पझेशन, 50 ग्रॅमपेक्षा कमी' असं लिहिलेला समन्स घेऊन येतात आणि निर्धास्त असतात. न्यू जर्सीत तेव्हा किरकोळ गुन्ह्याची मर्यादा 50 ग्रॅमची होती. इमिग्रेशनमधली सवलत आहे 30 ग्रॅमची: स्वतःपुरता, एकदाच आणि तेवढाच गांजा बाळगला असेल तरच माफीचा (वेव्हर, म्हणजे गुन्हा असूनही ग्रीन कार्ड द्यावं अशी सूट) अर्ज करता येतो. म्हणजे त्या समन्सवरून तुमच्याकडे 4 ग्रॅम होता की 45, हे कळतच नाही, आणि 30 च्या आत होता हे दाखवायची जबाबदारी तुमची. वजन सापडतं पोलीस रिपोर्टमध्ये किंवा लॅबच्या रिपोर्टमध्ये. (आपल्याकडे एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाणात' मोडतो, हे ऐकून आमच्या वकीलसाहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं होतं.)

आणि इथेच एक्सपंजमेंट आडवी येते. ज्या कागदांनी तुमचं प्रकरण किरकोळ होतं हे सिद्ध करायचं, तेच आता बाजूला काढून सील केलेले असतात. खिडकीवरचा क्लार्क 'असं काही रेकॉर्ड नाही' म्हणून तुम्हाला परत पाठवेल. न्यू जर्सीत एक्सपंज म्हणजे फाडून टाकलेलं नव्हे, वेगळं काढून ठेवलेलं; तेव्हा वकिलामार्फत कोर्टाकडे रीतसर मागणी करा. घरी जुन्या प्रती असतील तर जिवापाड जपा.

त्या कागदांत 'कंडिशनल डिस्चार्ज' (ठरावीक काळ अटी पाळल्या की केस काढून टाकणं) हे शब्द आहेत का, तेही बघा. पहिल्याच खेपेला पकडलेल्यांना ही सोय मिळायची, आणि ती कधी गुन्हा कबूल करून घेऊन, तर कधी न करताच दिली जायची. कबुली दिलेली नसेल तर सगळं चित्रच पालटतं. दहा वर्षांनी लोकांना 'काहीतरी पैसे भरले' एवढंच आठवतं.

खोटं लिहिलं आणि पकडलं गेलात (बोटांचे ठसे दिल्यावर एफबीआयकडची जुनी नोंद वर येऊ शकते), तर गांजा राहतो बाजूला आणि फसवणुकीचा आजन्म ठपका बसतो. गांजाच्या माफीसाठी तुमच्याशिवाय जिचे अतिशय हाल होतील अशी नागरिक किंवा ग्रीन कार्डवाली व्यक्ती लागते, आणि त्यात इथे जन्मलेलं तुमचं मूलही चालतं. फसवणुकीच्या माफीत मूल धरत नाहीत, फक्त नवरा-बायको किंवा आईवडील.

असं कुणीच नसेल, तर घटनेला 15 वर्षं उलटल्यावर आणि वागणूक सुधारल्याचं दाखवून मागायची वेगळी माफी आहे. तुमच्या बाबतीत ते 2029 मध्ये. भारतीयांच्या ईबी-2 च्या (नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डच्या एका वर्गाच्या) रांगेत उभ्या असलेल्यांची ही 15 वर्षं रांगेतच भरतात, हा एक अजबच फायदा.

वकिलाकडे जाल तेव्हा एक गोष्ट आपणहून सांगा. मधल्या काळात बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये एच-1 च्या (नोकरीच्या व्हिसाच्या) स्टॅम्पिंगला गेला असाल, तर डीएस-160 या व्हिसाच्या फॉर्मवर अटकेच्या प्रश्नाला काय उत्तर दिलं होतं? 'नाही' दिलं असेल, तर आय-485 पाठवण्याआधी त्याला ते कळायला हवं. आणि त्याला भेटल्याशिवाय भारतवारीचं तिकीट काढू नका.