फूरिये आधी की भरती आधी?

प्रश्न: मी समुद्रविज्ञानाच्या एमएस्सी-पीएचडीच्या मुलांना गणिती पद्धतींचा कोर्स शिकवते. निम्मी मुलं फिजिक्सची, निम्मी बायोलॉजी-केमिस्ट्रीची. फूरिये (गुंतागुंतीची लाट साध्या लाटांत फोडायचं गणित) काढलं की अर्धा वर्ग गप्प. सिद्धता गाळून सरळ सॉफ्टवेअर शिकवू का?

उत्तर: नका हो मॅडम, तसं नका करू. सॉफ्टवेअर आकडा देतंच, चुकीचा असला तरी देतं, आणि तो चुकलाय हे ओळखायला आतलं गणितच लागतं. फक्त क्रम उलटा करा, आधी डेटा हातात द्या, मुलांना त्यात फसू द्या, सूत्र मग.

मी भरतीपासून सुरू करतो. चंद्राची मुख्य भरती, एम२, तिचा काळ १२.४२ तास. फक्त एम२ धरून दोन महिन्यांची तासातासाची पाण्याची उंची काढून देतो आणि म्हणतो, यातली रोज दुपारी १२ची तेवढी ठेवा, बाकी खोडा, आता कागदावर हाताने टिंबं जोडा. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते ना, त्यामुळे टिंबं हळूहळू वर चढतात, मग उतरतात, आणि १४.८ दिवसांची छान संथ लाट तयार होते जी समुद्रात नाहीच! एकदा केमिस्ट्रीची एक मुलगी कागद घेऊन आली, सर ही आली कुठून? बस, त्या दिवशी एलियासिंग (विरळ मोजमापांमुळे दिसणारी खोटी लाट) आणि नायक्विस्ट (ती टाळायला किती वेळा मोजावं लागतं त्याचा नियम) शिकवायला अर्धा तास पुरला, कारण प्रश्न तिचा होता.

मग लगेच उपग्रह. समुद्राची उंची मोजणारा १९९२चा टोपेक्स/पोसायडन त्याच जागेवर ९.९ दिवसांनी परत यायचा, त्याच्या डेटात हीच एम२ ६२ दिवसांची दिसते. कक्षा ठरवताना हा हिशोब आधी केला होता, हे मुलांना आवर्जून सांगा, डोळे चमकतात.

दुसरी सवय, समीकरण सोडवायच्या आधी प्रत्येक पदाचा आकार काढायचा. १०० किलोमीटर अंतरात पाण्याची पातळी १ मीटर चढली तर, उताराचा जोर आणि पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम एकमेकांना तोलतात असं धरून, मध्य अक्षांशांवर प्रवाह सेकंदाला साधारण १ मीटर, हे कॅल्क्युलेटरशिवाय यायला हवं.

सिद्धता सगळ्या नकोत, पण लीस्ट स्क्वेअर्सची (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवून उत्तर काढायची पद्धत) पूर्ण करा, कारण विखुरलेल्या मोजमापांवरून नकाशा काढणं तिच्यावरच उभं आहे. आणि जोड्या मिसळून लावा, एक फिजिक्सचा एक बायोलॉजीचा, पहिले दोन आठवडे लॅपटॉप बंद.