देवमाशाचा जवळचा नातलग पाणघोडा, हे कशावरून ठरवलं?

तुम्ही विचारलंय की हे दोघे दिसायला कुठेच जुळत नाहीत, मग जीवशास्त्रज्ञ त्यांना जवळचे नातलग कसे म्हणतात?

दिसण्यावर जाऊच नका. पाण्यात वेगाने पोहायचं तर माशाचा आकार सोयीचा, म्हणून देवमाशाला तो आला. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. वाण वेगळा आहे हे प्राण्यांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसनेही ओळखलं आणि १७५८ साली देवमाशांना माशांतून काढून सस्तन प्राण्यांत घातलं. (मराठीत आपण अजून ‘मासा’च म्हणतो, ते सोडा.)

पण सस्तनांत नेमके कुणाचे? मी प्राणिशास्त्र शिकत होतो तेव्हा उत्तर होतं मेसोनिकिड, म्हणजे खुरांचे, मांस खाणारे, आता नामशेष झालेले प्राणी. पुरावा दाढांचा. जुन्या देवमाशांच्या दाढा अगदी तशाच. नव्वदच्या दशकात डीएनए तपासणारे म्हणू लागले, पाणघोडा! जीवाश्मवाल्यांच्या ते पचनी पडेना.

मला सर्वांत पटलेला पुरावा डीएनएमधलाच. त्यातले काही तुकडे स्वतःची नक्कल भलत्याच जागी घुसवतात आणि ती पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या पोथ्यांची वंशावळ लावली, तेव्हा प्रक्षेप असेच कामी आले. मागाहून घुसलेला तोच मजकूर दोन पोथ्यांत त्याच जागी दिसला, तर दोन्ही एकाच जुन्या पोथीवरून उतरल्या असण्याचा संभव मोठा. असे ‘प्रक्षेप’ देवमाशांत आणि पाणघोड्यात त्याच जागी आहेत, गायीत नि डुकरात नाहीत, हे १९९९ साली जपानी संशोधकांनी दाखवलं.

पुढे २००१ साली पाकिस्तानातल्या सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीच्या देवमाशांच्या घोट्याचं हाड हाती लागलं. दोन्ही टोकांना कप्पीसारखं. गाय, शेळी, डुक्कर, पाणघोडा, सगळ्या समखुरींत, म्हणजे सम संख्येने खुरं असलेल्या प्राण्यांत, असतं तसं. मेसोनिकिडमध्ये ते नाही. म्हणजे दातांनी फसवलं होतं. आहार सारखा, म्हणून दात सारखे.

आणखी एक दुवा आपल्याकडचा. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मूच्या कालाकोट भागातून गोळा केलेले दगड त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षं तसेच पडून होते. त्यांतून निघाला इंडोह्यस, हरणासारखा छोटा समखुरी. कवटी साफ करताना चुकून कानाचं हाड तुटलं आणि आतली जाड भिंत दिसली, जी तोवर देवमाशांचीच खूण मानली जायची. हे २००७ साली प्रसिद्ध झालं.

पाणघोडा देवमाशाचा पूर्वज मात्र नव्हे, चुलत भाऊ. आणि त्याला डुकरांच्या पंगतीला बसवणारी जुनी मांडणी या सगळ्यात मोडीत निघाली.