सासूबाईंबद्दल खरं लिहू की चांगलं?

पत्र : मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. लग्न झाल्यापासून सासूबाईंबरोबर एकाच घरात राहिले. गेल्या मार्गशीर्षात त्या गेल्या. ८८ वर्षांच्या होत्या. आता वर्षश्राद्धाला धाकट्या दिरांनी छोटी स्मरणिका काढायचं ठरवलंय आणि मुख्य लेख माझ्याकडे आलाय. त्यांचं भजनी मंडळ, एकादशा, सयाजी हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या नातेवाइकांसाठी नेलेले डबे, २०१९ च्या पुरात ८३ व्या वर्षी उभं राहून केलेली खिचडी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण लिहायला बसले की ‘प्रेमळ, धार्मिक, परोपकारी’ याच्या पुढे गाडी सरकत नाही. खरं सांगायचं तर त्यांच्या सोवळ्याचा मला फार त्रास झाला. वर्षानुवर्षं महिन्यातले चार दिवस मी मागच्या खोलीत बाजूला बसले. मग माझ्या लेकीला पहिल्यांदा पाळी आली, त्या दिवशी त्यांनी तिचं ताट स्वयंपाकघरात आपल्या शेजारी मांडलं. पुढच्या महिन्यात माझंही. त्यावर कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. आमचे हे म्हणतात, ‘आई जगाची होती, आम्हाला उरलीसुरली मिळाली,’ आणि लिहायला तयार नाहीत. नणंदबाई म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल वाकडं लिहायचं नाही. कपाटात मंडळाच्या हिशेबाची वही सापडली आहे, कुणाला किती मदत केली ते त्यात नावानिशी आहे. त्यातली पानं छापावीत असं दिरांना वाटतं. मी काय करू?

उत्तर : ताई, तुमचा लेख ताटाच्या त्या दोन-तीन वाक्यांत आहे. तिथून सुरुवात करा.

तुम्हाला वाटतंय की सोवळ्याचं लिहिलं तर सासूबाईंची निंदा होईल. मला उलट वाटतं. जन्मभर ज्या बाईंनी देवाचं सगळं यथासांग केलं, ओलेत्यानं नैवेद्य रांधला, स्वतःही तरुणपणी तशाच बाजूला बसल्या असणार, त्यांनी पंचाहत्तरीच्या आसपास तो नियम आपल्याच हातानं मोडला. त्यासाठी ना कीर्तनकाराला विचारलं, ना घरात चर्चा केली. नातीला त्या खोलीत पाठवायचं नाही एवढं त्यांच्या मनानं घेतलं. श्रद्धेच्या माणसाला असा नियम सोडणं किती जड जातं, हे ज्यांनी तो पाळलाच नाही त्यांना कळणार नाही. हा प्रसंग त्यांच्या भक्तीचाच भाग आहे, आणि तो सांगू शकणाऱ्या फक्त तुम्ही आहात. पण मागची खोली गाळलीत तर ताट मांडण्याला काही अर्थच उरत नाही. नणंदबाईंना हे असंच सांगून बघा.

आणि तुम्हाला झालेला त्रासही लिहा, दोन ओळींत, वकिली न करता. ‘मला तेव्हा फार वाईट वाटायचं, आणि त्यांनी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही.’ बस. त्यांना मनातून माफ केलंत की नाही, याचा हिशेब स्मरणिकेत द्यायला तुम्ही बांधील नाही.

आता थोडं मागे जा. सासूबाईंचा जन्म १९३६ च्या आसपासचा, म्हणजे माहेरही इकडचंच असेल तर गायकवाडांच्या बडोदे संस्थानातला. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं तेव्हा त्या बारा-तेरा वर्षांच्या. १ मे १९६० ला गुजरात वेगळा झाला तेव्हा बहुधा तुमच्या घरातल्या सूनबाई. शहर तेच राहिलं आणि राज्यं तीन झाली. मराठी घरातल्या, मराठी अभंग म्हणणाऱ्या या बाई भाजीवाल्याशी गुजराती बोलत असतील, आषाढीला मांडवीतून निघणाऱ्या विठ्ठलनाथजींच्या वरघोड्याला, म्हणजे मिरवणुकीला, हात जोडत असतील. आणखी एक विचारून घ्या : त्यांच्या आईला वाचता येत होतं का? सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलींनाही. इतरत्र त्या पिढीच्या बहुतेक बायका निरक्षर राहिल्या, तेव्हा बडोद्यात पोथी वाचणारी आई असणं शक्य होतं. तसं असेल तर तुमच्या सासूबाईंच्या हिशेबाच्या वहीची सुरुवात तिथे आहे. नातवंडांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

त्या वहीबद्दल मात्र मी ठामच सांगणार. पानं छापू नका. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. ज्या बाईच्या मुलाची फी मंडळानं भरली, जिच्या बाळंतपणाला पैसे दिले, ती आज त्याच पोळात, म्हणजे गल्लीत, आजी म्हणून मानानं राहत असेल. तिच्या सुनेला, व्याह्यांना यातलं काही माहीत नसेल. सासूबाईंनी वही इतकी वर्षं कपाटात ठेवली, भिंतीवर लावली नाही. दिरांचा हेतू चांगला आहे, आईचं मोठेपण लोकांना दिसावं असं त्यांना वाटतं. त्यांना म्हणा, नावं आणि रकमा न देता एकच परिच्छेद लिहू : महिन्याला बायका किती वर्गणी काढत, पैसे कुठे ठेवत, कुणाला द्यायचे हे कोण ठरवी, परत आले नाहीत तर काय करत. याच गोष्टींतून काम दिसतं. मंडळाची ती पद्धत आज एखाद्या सोसायटीतल्या बायकांना उचलावीशी वाटेल. वही घरात जपून ठेवा, किंवा मंडळ अजून चालू असेल तर अध्यक्षबाईंना विचारून त्यांच्या स्वाधीन करा.

मंडळातल्या त्यांच्या वयाच्या ज्या दोन-चार जणी उरल्या असतील, त्यांच्याकडे या आठवड्यातच जा. वर्षश्राद्धाची वाट बघू नका. दुपारची झोप झाल्यावर, चहाच्या वेळी जा, आणि परवानगी घेऊन फोन रेकॉर्डिंगवर ठेवा. ‘त्या कशा होत्या?’ असं विचारलंत तर ‘देवमाणूस हो’ एवढंच ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा, त्यांच्याशी तुमचं भांडण कशावरून व्हायचं? टाळ चुकले तर काय म्हणायच्या? कोणता अभंग त्या दुसऱ्या कुणाला म्हणू देत नसत? हॉस्पिटलात डबे घेऊन कशानं जायच्या, पायी की रिक्षानं, आणि भाडं कोण द्यायचं? पुराच्या दिवशी तांदूळ कुठून आणले? ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळपास २० इंच पाऊस झाला होता, दुकानं बंद, रस्त्यावर कमरेइतकं पाणी. त्या वेळी इतक्या खिचडीचं सामान आलं कुठून आणि पातेली उचलली कुणी, हे तुम्हालाही नीट माहीत नसेल. शेजारच्या गुजराती काकींनाही बोलतं करा, आणि त्यांनी लिहून दिलं तर ते गुजरातीतच छापा. बडोद्यातल्या बाईची स्मरणिका नुसती मराठीत निघाली तर अर्धी माणसं बाहेर राहतील.

राहिले तुमचे यजमान. त्यांच्या वतीनं तुम्ही काही लिहू नका. ‘आई जगाची होती’ हे वाक्य त्यांचं आहे, त्यामागे कधीची तरी एखादी संध्याकाळ असणार, शाळेतून आलेला मुलगा आणि कुलूप लावलेलं घर. इतकी वर्षं त्यांना हे कुणी विचारलं नसेल, कारण ज्याची आई सगळ्यांसाठी राबते त्यानं तक्रार करायची नसते, असं सगळेच धरून चालतात. मला ती तक्रार रास्त वाटते. सासूबाई आपल्या जागी थोर होत्या आणि मुलगा आपल्या जागी उपाशी राहिला, या दोन्ही गोष्टी एकाच घरात घडतात. समाजसेवा करणाऱ्यांच्या घरी तर फारच घडतात. एखाद्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांना इतकंच विचारा : आईनं फक्त तुमच्यासाठी केलेली एखादी गोष्ट आठवते? काही सांगितलं तर ऐकून घ्या, लगेच वही-पेन काढू नका. नंतर त्यांनी आपणहून ‘हे टाक’ म्हटलं, तर त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावानं छापा. नाही म्हणाले तर स्मरणिकेत त्यांचं नाव फक्त कुटुंबाच्या यादीत येऊ द्या आणि दिरांना त्यावरून टोमणे मारू देऊ नका.

लेख दोन पानांचा पुरे. जन्म, माहेर, लग्न एका परिच्छेदात उरका. ‘परोपकारी’ हा शब्द लिहावासा वाटला की तो खोडून त्या जागी डबा लिहा : किती पोळ्या, कोणती भाजी, कुठल्या कापडात बांधलेला. छापायला देण्याआधी नणंदबाईंना समोर बसवून वाचून दाखवा, फोनवर नको. नावं, तारखा, माहेरचा तपशील याबाबत त्या सुधारतील ते ऐका. मागच्या खोलीचा मजकूर त्या काढायला सांगतील. तो तिथे तुम्ही बसला होतात म्हणून तुमचा आहे, तो राहू द्या.