किल्ली तुम्ही हातात घ्या

मेलबर्नहून एका निवृत्त वाचक भगिनीचे पत्र आले आहे. गेल्या हिवाळ्यात हे पती-पत्नी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर, घेऊन ॲडलेड, पोर्ट ऑगस्टा, कूबर पेडी असा मुक्काम करत उलुरूपर्यंत गेले आणि सात आठवड्यांनी घरी परतले तेव्हा एकमेकांशी धड बोलत नव्हते. यंदा यजमानांना नलारबोरचे माळरान ओलांडून पर्थ गाठायचे आहे. बाई विचारतात, "यांच्यासोबत जाऊ, की ते तीन महिने सिडनीला मुलीकडे राहू?"

ताई,

तुमच्या चार पानी पत्रातले दीड पान यजमानांच्या ओरडण्याने भरलेले आहे. मुक्कामाच्या जागी कॅरॅव्हॅन मागे घेताना तुम्ही मागे उभ्या राहून हात करता, ते खिडकीतून डोके काढून "डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे?" म्हणून खेकसतात, आणि शेजारची मंडळी खुर्च्या वळवून हा तमाशा बघतात. हे सगळे मी वाचले आणि बाजूला ठेवले. माझी नजर अडकली ती तिसऱ्या पानाच्या तळाशी, जिथे तुम्ही कंसात लिहून गेला आहात की एरवी तुम्ही गाडी चालवता, पण कॅरॅव्हॅन जोडलेली असली की नाही, कारण "मला जमणार नाही असे मीच पहिल्या दिवशी सांगून टाकले." त्याच पानावर, औषधांच्या डब्याचा विषय निघाला म्हणून, यजमानांच्या हृदयात तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवल्याचा उल्लेख आहे.

ही दोन वाक्ये तुम्ही एकमेकांशेजारी ठेवून कधी वाचली आहेत का? आयर हायवेचा सेडुनापासून नॉर्समनपर्यंतचा, नलारबोर ओलांडणारा भाग सुमारे १२०० किलोमीटरचा आहे. त्यात बॅलाडोनिया आणि कायगुना यांच्यामधला १४६ किलोमीटरचा पट्टा तर एकही वळण न घेता सरळ जातो. पेट्रोल-जेवण मिळणाऱ्या दोन रोडहाउसच्या मध्ये वस्ती नाही आणि बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. अशा जागी यजमानांच्या छातीत कळ आली, तर अडीच टनांची कॅरॅव्हॅन जोडलेली गाडी कोण चालवणार? जॉन फ्लिन यांनी १९२८ साली सुरू केलेली फ्लाइंग डॉक्टर सेवा आजही त्या भागाचा आधार आहे, आणि आयर हायवेच्या काही टप्प्यांवर तिचे विमान थेट रस्त्यावर उतरावे म्हणून डांबरावर खुणा रंगवलेल्या आहेत. पण त्या डॉक्टरांनाही रुग्ण जिथे रेंज नाही तिथे बसून राहिलेला चालत नाही. कुणीतरी त्याला जवळच्या रोडहाउसपर्यंत न्यावे लागते, आणि ते कुणीतरी म्हणजे तुम्हीच, कारण गाडीत तिसरे माणूस नाही.

मला तुमचा राग आला आहे, तो लपवत नाही. अडतिसाव्या वर्षी परक्या देशात जाऊन तुम्ही गाडी शिकलात, दोनदा नापास होऊन तिसऱ्या खेपेला लायसन्स मिळवले, आणि नंतर वीस वर्षे रात्रपाळी संपवून पहाटेच्या पावसात वेस्ट गेट पूल ओलांडून घरी येत राहिलात. हे तुम्हीच लिहिले आहे, आणि किती सहज लिहिले आहे! तीच बाई उलुरूच्या वाटेवरच्या स्टुअर्ट हायवेवर समोरून ५३ मीटर लांबीची रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेला ट्रक, आली की डोळे मिटून देवाचे नाव घेते. यजमानांचे बोलणे तुसडे आहे हे मला मान्य आहे. पण सात आठवडे एकट्याने ते ओझे ओढणाऱ्या आणि शेजारी डोळे मिटून बसलेले माणूस घेऊन जाणाऱ्या चालकाची मान संध्याकाळपर्यंत किती आखडत असेल, याचाही विचार तुम्ही करायला हवा होता. तुम्हाला स्टिअरिंगपासून कुणीही दूर ठेवलेले नाही. तुम्ही आपण होऊन सामानात जाऊन बसलात.

तेव्हा सिडनीचा विषय काढू नका. कॅरॅव्हॅन ओढायला शिकवणारे एक-दोन दिवसांचे वर्ग तुमच्याकडे चालतात, त्यात या आठवड्यात नाव घाला. वेगळे लायसन्स लागत नाही, तुमचे कारचे पुरते. यजमानांना शिकवायला सांगू नका, परक्या शिक्षकाकडून शिका. मागची कॅरॅव्हॅन डुलू लागली की गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचे आणि डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरने फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक हाताने लावायचे, हे तिथे तुमच्याकडून करून घेतील. मागे घेताना स्टिअरिंगचा खालचा भाग धरायचा आणि कॅरॅव्हॅनचा मागचा भाग ज्या बाजूला जायला हवा त्या बाजूला हात सरकवायचा, हेही शिकवतील. ते एकदा हाताला कळले की "कुणाच्या डावीकडे" हे भांडण उरत नाही. त्या भांडणाचे मूळ यजमानांच्या स्वभावात जितके आहे, तितकेच यात आहे की कॅरॅव्हॅनच्या बरोबर मागे उभे राहिलेले माणूस चालकाला कोणत्याच आरशात दिसत नाही. तुम्ही आत बसा आणि त्यांना मागे उभे करा, म्हणजे दोन दिवसांत त्यांनाही ते उमजेल.

त्यांना वाईट वाटेल, ही तुमची भीती मी समजू शकते. स्टेंट बसलेल्या पुरुषाला "आता मी चालवते" हे वाक्य "आता तुमच्याने होत नाही" असे ऐकू येते. म्हणून शिकण्यापूर्वी परवानगी मागू नका. शिकून या, प्रमाणपत्र जेवणाच्या टेबलावर ठेवा आणि सांगा की दर दोन तासांनी आपण जागा बदलणार आहोत. कारण विचारले तर स्टेंटचे नाव घेऊन स्पष्ट सांगा. तीन वर्षे तुम्ही दोघांनी तो शब्द औषधांच्या डब्यात बंद करून ठेवला आहे, आणि मला वाटते की तुमच्या घरातल्या अबोल्याचा मोठा भाग त्याच डब्यात आहे.

जून ते सप्टेंबर या महिन्यांत याच वाटेवर समुद्रकाठी असलेल्या हेड ऑफ बाइटच्या कड्यांखाली देवमाशांच्या माद्या पिल्ले घेऊन आलेल्या असतात, म्हणजे तुमच्याकडच्या हिवाळ्यात, तुमच्या प्रवासाच्याच दिवसांत. तिथे दोघे मिळून निवांत तासभर थांबा. निघताना किल्ली तुम्ही घ्या, सीट पुढे ओढा, दोन्ही बाजूंचे लांब आरसे तुमच्या उंचीला लावून घ्या आणि थर्मासमधला चहा त्यांना ओतू द्या.