लॅबमधल्या ४० पीसींना एकच लॉगिन द्यायचं आहे. सर्व्हरवर आणि क्लायंटवर कोणता डीमन लावू?

तुम्ही लिहिलंय की लातूरच्या कॉलेजात लिनक्सचे ४० पीसी आहेत, पोरांनी कुठल्याही पीसीवर बसून एकाच नाव-पासवर्डनं लॉगिन करावं अशी इच्छा आहे, आणि शोधायला गेलं की वायपीसर्व्ह, वायपीबाइंड, स्लॅपडी, एनएसएलसीडी, एसएसएसडी अशी डीमनांची, म्हणजे पडद्यामागं सतत चालणाऱ्या प्रोग्रामांची, रांगच समोर येते. मी नांदेडकडच्या एका कॉलेजात लॅब सांभाळतो. यातलं बरंच काही लावून, मोडून, परत लावून झालंय. उत्तर आधीच देऊन टाकतो: सर्व्हरवर स्लॅपडी आणि प्रत्येक पीसीवर एसएसएसडी. कारण मात्र आपल्याकडच्या लाईटीशी जोडलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या सगळ्या नावांच्या दोनच जाती. एक सर्व्हरवर बसून नोंदी सांभाळते: कोण वापरकर्ता, त्याचा यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) किती, कोणत्या ग्रुपात, होम फोल्डर कुठं. हा तलाठी समजा; वायपीसर्व्ह आणि स्लॅपडी या जातीचे. दुसरी जात प्रत्येक पीसीवर बसते आणि पीसीवरच्या प्रोग्रामांच्या वतीनं तलाठ्याकडं विचारून येते. हा कोतवाल; वायपीबाइंड, एनएसएलसीडी आणि एसएसएसडी या जातीचे. लॉगिन पडद्याला किंवा एलएस कमांडला सर्व्हर कुठं आहे हे ठाऊकच नसतं. ते सी लायब्ररीला विचारतात, लायब्ररी एनएसस्विच डॉट कॉन्फ ही फाइल बघते आणि तिथं लिहिल्याप्रमाणं आधी स्थानिक फाइल, मग कोतवाल, अशा क्रमानं जाते. सगळे लोक तलाठ्याची निवड करण्यात आठवडा घालवतात. माझा अनुभव असा की डोकं कोतवालच खातो.

वायपीसर्व्ह आणि वायपीबाइंड ही सगळ्यात जुनी जोडी, १९८० च्या दशकात सन मायक्रोसिस्टिम्सनं काढलेली. मूळ नाव यलो पेजेस. पण ब्रिटनमध्ये ते नाव ब्रिटिश टेलिकॉमचा ट्रेडमार्क निघालं, म्हणून व्यवस्थेचं नाव एनआयएस झालं. कमांडींच्या पुढचं वायपी तेवढं राहून गेलं. लावायला ही जोडी फार सोपी. सर्व्हरवर पासवर्ड आणि ग्रुपच्या फाइलींचे मॅप (वाटायच्या याद्या) बनवायचे, क्लायंटला डोमेनचं नाव सांगायचं, झालं. वायपीबाइंड ब्रॉडकास्ट करून, म्हणजे नेटवर्कातल्या सगळ्यांना एकदम हाक मारून, सर्व्हर स्वतः शोधू शकतो आणि दर २० सेकंदांनी तो जिवंत आहे का ते बघतो. मात्र ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही. दुसऱ्या इमारतीतल्या लॅबला सर्व्हरचा पत्ता हातानं द्यावा लागतो.

मी ती का काढली? एक, तिसऱ्या वर्षाच्या एका पोरानं वायपीकॅट या मॅप दाखवणाऱ्या कमांडनं पासवर्डचा मॅप काढला आणि अख्ख्या कॉलेजचे पासवर्ड हॅश (पासवर्डची सांकेतिक रूपं) त्याच्या पडद्यावर आले. सिक्युअरनेट्स नावाच्या फाइलीत कोणत्या नेटवर्कला उत्तर द्यायचं ते ठरवता येतं, पण हा पोरगा आपल्याच नेटवर्कात, आपल्याच खुर्चीवर बसलेला. त्याला रागवण्यात अर्थ नव्हता, दार मीच उघडं ठेवलं होतं. दोन, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मधून एनआयएसची पॅकेजं काढूनच टाकली आहेत. नव्यानं उभं करताना मेलेल्या बैलाला औत कशाला जुंपता?

तिसरं कारण लाईट. उन्हाळ्यात डीपी जळाली की आमच्याकडं दिवसातून चारदा लाईट जाते. परत आली की ४० पीसी सर्व्हरच्या आधी चालू होतात, कारण सर्व्हर जुना, तो डिस्क तपासत बसतो. तोवर वायपीबाइंडला विचारायला कोणी नाही, आणि त्याच्या स्वतःजवळ काही साठवलेलं नसतं. पोरं लॉगिन करतात, पडदा अडकतो, मग ‘सर, पासवर्ड चालंना’ असा गलका.

एसएसएसडी इथंच वेगळा पडतो. एलडॅपकडून, म्हणजे स्लॅपडी ज्या पद्धतीनं नोंदी देतो तिच्याकडून, आणलेली नोंद तो पीसीच्याच डिस्कवर ठेवतो. ठरावीक वेळ, मुळात ५४०० सेकंद, ती ताजी मानतो. कॅश क्रेडेन्शियल्स (पासवर्डची खूण पीसीवर साठवणं) ही सेटिंग चालू केली तर सर्व्हर बंद असतानाही पासवर्ड तपासू शकतो. अट एकच: त्या पोरानं त्या पीसीवर आधी एकदा तरी लॉगिन केलेलं पाहिजे. म्हणून आमच्याकडं बॅचनुसार जागा ठरवून दिल्यात. होम फोल्डर जर एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून सर्व्हरच्या डिस्कवर, असेल तर मात्र लॉगिन होऊनही पुढं अडकेल, तो वेगळा विषय.

एनएसएलसीडी वाईट नाही, हलका आहे. पण कॅशचं (नोंदी जवळ साठवण्याचं) काम तो करत नाही, त्यासाठी एनएससीडी हा वेगळा कॅश डीमन जोडावा लागतो, आणि त्यातही सर्व्हर नसताना पासवर्ड तपासायची सोय येत नाही. आणि एक सांगून ठेवतो: एसएसएसडी लावल्यावर एनएससीडीची पासवर्ड-ग्रुपची कॅश बंद करा. दोन कोतवाल एकाच निरोपाचे दोन अर्थ सांगतात. ग्रुप बदलला तरी जुनाच दिसत राहतो आणि तुम्ही सर्व्हरवर चूक शोधत बसता.

स्लॅपडीबद्दल थोडक्यात. डेबियन-उबुंटूवर तो सरळ मिळतो. जुन्या मांडणीत त्याच्या पोटात बर्कली डीबी हा डेटाबेस असायचा, आणि लाईट अचानक गेली की डेटाबेस दुरुस्त करत बसावं लागायचं. मी दोन रात्री त्यात घालवल्यात. आताचा एमडीबी बॅकएंड (नोंदी साठवणारा भाग) लाईट गेल्यावर दुरुस्ती मागत नाही. तरी रोज रात्री स्लॅपकॅट या कमांडनं सगळं एका टेक्स्ट फाइलीत उतरवून दुसऱ्या मशीनवर ठेवा. नाव, यूआयडी क्रमांक आणि ग्रुपचे सदस्य यांवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) लावा, नाहीतर लॉग ‘नॉट इंडेक्स्ड’ म्हणून भरत राहतो. विद्यार्थ्यांचे यूआयडी १०००० च्या पुढून द्या. १००० पासून दिले तर पीसीवरच्या स्थानिक खात्याशी टक्कर होते आणि एकाच्या फाइली दुसऱ्याच्या नावावर दिसतात.

मला सगळ्यात जास्त रडवलं ते एका बटणसेलनं. एसएसएसडी एलडॅपवर पासवर्ड तपासताना एन्क्रिप्शनशिवाय पुढं जातच नाही, म्हणजे टीएलएस सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणारा, मुदतीचा दाखला) आलंच. आमचे सहा पीसी रोज सकाळी लॉगिन नाकारायचे. सर्टिफिकेट बरोबर, पासवर्ड बरोबर, सर्व्हर जिवंत. दोन दिवसांनी सहज तारीख बघितली तर पीसी कित्येक वर्षं मागं! मदरबोर्डचा सीआर २०३२ सेल संपलेला, रात्री मेन स्विच बंद केला की घड्याळ शून्यावर. त्या पीसीच्या हिशेबानं सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलं नव्हतं. सेल बदलले, सगळीकडं क्रोनी हा घड्याळ जुळवणारा डीमन लावला, आणि सर्व्हरलाच लॅबचं घड्याळ केलं, कारण इंटरनेटचा भरवसा नाही.

आणखी दोन गोष्टींत लोक फसतात. एसएसएसडी डॉट कॉन्फ ही सेटिंगची फाइल रूटच्या मालकीची आणि ६०० परवानगीची ठेवा, नाहीतर डीमन सुरू व्हायला कुरकुर करतो. आणि नुसतं गेटएन्ट पासडब्ल्यूडी (getent passwd, खाती दाखवणारी कमांड) मारून एलडॅपचे वापरकर्ते दिसले नाहीत म्हणून घाबरू नका. पूर्ण यादी देणं एसएसएसडीत मुळातच बंद असतं. पुढं एखाद्या पोराचं नाव देऊन विचारा.

एकदम ४० ला हात घालू नका. एक पीसी जोडा, एका पोराला लॉगिन करू द्या, लॉगआउट करा, मग लॅन वायर उपसून त्यालाच परत लॉगिन करायला सांगा. आत गेला तर उरलेले ३९ करायला घ्या.