वाचक विचारतात : संदर्भाच्या टेबलावर किती जण आले, हे मोजून काय कळतं?

प्रश्न : मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ विभाग, म्हणजे वाचकांना हवी ती माहिती शोधायला मदत करणारं टेबल, सांभाळतो. रोज किती प्रश्न आले याच्या आम्ही रजिस्टरात रेघा मारतो. हा आकडा गेली काही वर्षं सारखा घसरतोय, आणि ‘त्या टेबलावर पूर्ण वेळ माणूस कशाला?’ अशी विचारणा वरून सुरू झाली आहे. अभिप्रायाचे फॉर्मही आम्ही भरून घेतो. जवळपास सगळे ‘उत्तम’वर खूण करतात. पण ते कागद पुढे केले की साहेब नुसते हसतात. सेवेचं मूल्यमापन करावं तरी कसं?
– एक संदर्भ ग्रंथपाल

उत्तर : साहेबांचं हसणं मनाला लावून घेऊ नका, पण त्यांचं फारसं चुकतही नाही. फॉर्म भरतो तो ज्याचं काम झालं तो. जो दारातून आला, तुम्ही स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलाय हे बघितलं आणि आल्या पावली परत गेला, त्याचा फॉर्म तुमच्याकडे येणार कुठून? शिवाय तुमच्याच समोर उभं राहून, तुमच्याच पेनानं ‘साधारण’वर खूण करायला कुणाचा हात धजावणार?

रजिस्टरातल्या रेघा त्याहून फसव्या. ‘झेरॉक्स कुठे काढून मिळेल?’ याची एक रेघ. आणि संशोधकाशेजारी दुपारभर बसून जुन्या जनगणनेचे तक्ते नव्या हद्दींशी जुळवून दिलेत, त्याचीही एकच रेघ. पहिल्या प्रकारचे प्रश्न आता लोक मोबाइलवर सोडवतात, ते घटणारच. घटू द्या. रेघ मारणं बंद करून त्या जागी आकडा लिहा. रीड स्केल नावाची सहा पायऱ्यांची एक श्रेणी यासाठीच वापरतात. दिशा दाखवण्यासारख्या प्रश्नाला एक. ज्याला विषयाची जाण, अनेक साधनं आणि कित्येक तास लागतात त्याला सहा. सुरुवातीला सगळ्या सहकाऱ्यांनी तेच तेच जुने प्रश्न वेगवेगळे बसून मोजा आणि आकडे पडताळा. एकाचा तीन दुसऱ्याचा पाच निघाला, तर त्या वादातूनच श्रेणी पक्की होते. मग वरच्यांना दाखवायला काहीतरी खरं हाती येईल: एकूण प्रश्न कमी झाले, पण चार-पाच-सहाचे किती राहिले?

हे झालं तुमच्या मेहनतीचं. उत्तर बरोबर होतं का, हे यातून कळत नाही. ते तपासायला अमेरिकेत एके काळी वाचकाच्या वेशात माणसं पाठवत. उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न ती विचारत आणि काय उत्तर मिळालं ते टिपून घेत. पीटर हर्नॉन आणि चार्ल्स मॅक्क्लूर या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८६ साली अशा चाचण्यांवरून मांडलं की, सुमारे ५५ टक्केच उत्तरं बरोबर येतात. आमच्या व्यवसायात त्यावरून बराच गदारोळ झाला. टीकाकारांचं म्हणणं मला पटतं. एका ओळीत उत्तर देता येईल असे प्रश्न हा आपल्या कामाचा लहानसा तुकडा आहे, त्यावरून सगळी सेवा कशी जोखायची? तीनच वर्षांनी याच क्षेत्रातल्या जोन ड्युरन्स यांनी वेगळाच प्रश्न विचारला: याच ग्रंथपालाकडे तुम्ही पुन्हा जाल का? त्यात दिसलं की उत्तर अर्धवट मिळालं तरी ऐकून घेणाऱ्या माणसाकडे लोक परत जायला तयार असतात. तुमच्या फॉर्मवरचे सगळे चौकोन काढून हा एकच प्रश्न ठेवलात तरी चालेल. फक्त फॉर्म टेबलावर भरून घेऊ नका. आठवड्यानं, नाव न विचारता पाठवा. आणि त्याच्याखाली एक मोकळी ओळ ठेवा: ‘मिळालेल्या माहितीचं पुढे काय केलंत?’

खरी तपासणी मात्र संभाषणाची. टेबलावर रोज घडणारा एक प्रसंग घ्या. मुलगी विचारते, “मानसशास्त्राची पुस्तकं कुठे आहेत?” “दुसरा मजला, डावीकडची रांग.” उत्तर अचूक, वेळ दहा सेकंद, फॉर्मवर ‘उत्तम’. आता हेच जरा लांबवू.

“चला, दाखवते. त्यातलं नेमकं काय बघताय?”
“परीक्षेच्या भीतीवर प्रोजेक्ट आहे.”
“कुणाच्या भीतीवर? कॉलेजच्या मुलांच्या?”
“नाही, शाळेतल्या. भीती मोजायची प्रश्नावली हवीय. सर म्हणाले, स्वतः बनवू नकोस, तयार असेल ती घे.”

म्हणजे तिला रांगेतलं पुस्तक नकोच होतं. तिला प्रमाणित चाचणी हवी आहे, ती कुठल्या वयाच्या मुलांवर तपासली गेली हे सांगणारा लेख हवा आहे, आणि वापरायला परवानगी लागते का हेही कळायला हवं. दुसऱ्या मजल्यावर ती तासभर फिरली असती आणि ‘आपल्यालाच शोधता येत नाही’ असं म्हणत घरी गेली असती. ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ सालीच लिहून ठेवलंय की, ग्रंथालयाकडून काय मिळू शकेल याचा अंदाज बांधून माणूस आपली गरज त्या मापात कापून घेतो आणि मग विचारतो. कापलेला तुकडा परत जोडून घेणं हे आपलं कौशल्य. तेवढ्यासाठी सहकाऱ्यांनी एकमेकांशेजारी बसून, वाचकाची परवानगी घेऊन, ऐकावं. तीनच गोष्टी टिपाव्यात. उत्तर देण्याआधी निदान एक उलट प्रश्न विचारला का? शोधताना स्क्रीन वाचकाकडे वळवली का? आणि शेवटी ‘हेच हवं होतं ना?’ असं विचारलं का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा राहतो, कारण मागे रांग असते. चॅटवरून सेवा देत असाल तर जुनी संभाषणं, नावं पुसून, वाचायलाच बसा. इतका स्वस्त आरसा दुसरा नाही.

या टिपणांवरून कुणाची पगारवाढ ठरणार असेल, तर मात्र हे सुरूच करू नका. लोक त्या दिवसापुरतं नाटक करतील.

प्रश्न : दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांसाठी मी एक तासाचं सत्र घेते. कॅटलॉग, लेख शोधायचे डेटाबेस, संदर्भ देण्याच्या पद्धती, सगळं दाखवते. शेवटी ‘समजलं का?’ विचारलं की हो म्हणतात, अभिप्रायही चांगले देतात. दोन आठवड्यांनी तीच मुलं तेच प्रश्न घेऊन येतात. सत्रात काय सुधारू?
– एक सहायक ग्रंथपाल

उत्तर : दोन आठवड्यांनी का होईना, येतात ना? मग निम्मं सत्र यशस्वी झालं म्हणा.

‘समजलं का?’ हा प्रश्न टाका. ज्याला कमी येतं त्याला आपल्याला किती कमी येतं हेही कळत नाही. तो खुशाल हो म्हणणार. त्याऐवजी करायला द्या. ‘समाजमाध्यमांमुळे किशोरवयीन मुलांच्या झोपेवर काय परिणाम होतो?’ हे वाक्य डेटाबेसमध्ये कसं शोधाल, ते त्यांना टाइप करू द्या. अनेक जण अख्खं वाक्य टाकतील. काहीच निघालं नाही की ‘यावर संशोधनच झालेलं नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतील. तिथेच थांबवा. कल्पना तीन: माध्यम, वय, झोप. प्रत्येकीला दोन-दोन पर्यायी शब्द काढा, मग जोडा. हे एवढं एका तासात नीट झालं तरी पुष्कळ. संदर्भ देण्याच्या पद्धतींचा छापील कागद हातात द्या आणि डेटाबेसची सफर पूर्णपणे गाळा. बटणांच्या जागा पुढच्या वर्षी बदललेल्या असतात.

वेळही चुकतेय. पहिल्या आठवड्यात त्यांच्यापुढे शोधायला काही नसतं. प्राध्यापकांशी बोला आणि निबंधाचा विषय हातात पडेल त्या आठवड्यात तास मागा. प्राध्यापक नाही म्हणाले तर दुसऱ्या प्राध्यापकांकडे जा. एक तयार झाला की बाकीचे चौकशी करत येतात.

शिकले की नाही हे सत्रानंतर लगेच कळत नाही. सत्र संपल्यावर भरून घेतलेल्या चाचणीत गुण वाढतातच. नुकतंच सांगितलेलं असतं. बघायचं ते महिन्या-दोन महिन्यांनी आलेल्या निबंधाच्या शेवटची संदर्भसूची. परवानगी घेऊन, नावं झाकून, एक गठ्ठा मागा. स्रोत किती हे मोजत बसू नका. यादीतला लेख मजकुरात खरोखर वापरलाय, की नुसताच टांगलाय? सगळे स्रोत एकाच बाजूचे आहेत का? अमेरिकेतल्या महाविद्यालयीन आणि संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेनं २००० सालची कौशल्यांची जंत्री २०१६ मध्ये रद्द केली आणि तिच्या जागी सहा मूळ कल्पनांची चौकट आणली. अधिकारवाणी कुणाची आणि कुठल्या संदर्भात, ही त्यातली एक. ती मला सगळ्यात उपयोगी वाटते, पण एका तासात शिकवायची म्हणाल तर अवघडच.

प्रश्न : पीएच.डी. करतोय. चॅटबॉटनं सुचवलेले काही लेख ग्रंथालयात मिळाले नाहीत. संदर्भ विभागाला विचारलं, तर ते म्हणाले असे लेखच नाहीत. मग त्यांनी शोधलंच नाही असं समजायचं का?
– एक संशोधक

उत्तर : उलट. जे नाही ते नाही म्हणून सिद्ध करायला सगळ्यात जास्त शोधावं लागतं: नियतकालिकाचा तो अंक काढा, त्या पानांवर दुसरंच काही आहे हे बघा, लेखकाची यादी तपासा, डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) टाकून पाहा. चॅटबॉट खऱ्या लेखकाचं नाव खऱ्या नियतकालिकाशी जोडून अस्तित्वात नसलेला लेख बेमालूम रचतो. पुढच्या वेळी जाताना ती यादी कुठून आली हे आधी सांगा, त्यांचा अर्धा तास वाचेल. आणि यादी बाजूला ठेवून, तुम्हाला कशाचा शोध घ्यायचाय ते बोला. पहिल्या पत्रातल्या ग्रंथपालांना मात्र सांगते, ही नोंद रजिस्टरात पाच म्हणून करा.